नववीचा वर्ग स्टुटगार्टला नेताना: जन्मदाखल्यापासून फॉर्म सीपर्यंत

मुंबई आणि जर्मनीतलं स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. दोन महापालिकांमधलं हे नातं पन्नास वर्षांहून जुनं, पण गिरणगावातल्या आमच्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत ते कुणाच्या गावीही नव्हतं. मी तिथे विज्ञान शिकवते. मे २०२४ मध्ये आम्ही नववीची अकरा मुलं घेऊन स्टुटगार्टला गेलो आणि त्याच वर्षी दिवाळीत तिकडची मुलं आमच्या मुलांच्या घरी राहून गेली. या सगळ्याबद्दल मराठीत वाचायला काहीच मिळालं नाही. दुसऱ्या एखाद्या शाळेला थोडी कमी धावपळ पडावी म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. भगिनी शहराचा करार आहे म्हणून व्हिसा मिळत नाही, पैसे मिळत नाहीत आणि एकही कागद कमी होत नाही. मिळतं ते एवढंच की तुम्ही पत्र लिहिलंत तर पलीकडे ते वाचणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असतं. आमच्यासारख्या शाळेला तेवढा आधार पुरला.

जून २०२३ मध्ये, शाळा उघडल्यावर, मी स्टुटगार्टच्या महापालिकेत भगिनी शहरांचं काम बघणाऱ्या विभागाला एक पानी ईमेल पाठवला. आम्ही कोण, मुलं किती, इंग्रजी कितपत येतं, कुठल्या विषयावर एकत्र काम करता येईल आणि आमच्याकडे पैसे नाहीत, हे सगळं सरळ लिहिलं. जुलैच्या शेवटी उत्तर आलं. विभागाने आमचं पत्र तिथल्या एका शाळेकडे पाठवलं होतं आणि तिथल्या भूगोलाच्या बाईंना रस होता. पहिल्या पत्रात विषय नेमका लिहा, हे माझं आग्रहाचं सांगणं. ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ एवढंच लिहिलं असतं तर ते पत्र कुणाकडे द्यायचं हे त्यांना कळलं नसतं.

आमचा विषय होता हवा. स्टुटगार्ट डोंगरांच्या वाटीत बसलेलं शहर आहे. वारा कमी, त्यामुळे धूर तिथेच कोंडतो. नेकारटोर नावाच्या चौकातली हवा वर्षानुवर्षं जर्मनीत सगळ्यात वाईट म्हणून बदनाम होती आणि २०१९ पासून शहरात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आली. लोकांनी स्वतः हवा मोजण्याची एक चळवळ याच शहरात २०१५ मध्ये सुरू झाली. ‘लुफ्टडाटेन’ या नावाने निघालेलं ते काम आज ‘सेन्सर कम्युनिटी’ म्हणून जगभर पसरलंय. धूलिकण मोजणारा एक छोटा सेन्सर, वायफायचा एक बोर्ड, प्लंबरकडे मिळणारे दोन वाकडे पाइप, बस्स. आम्हाला एक यंत्र तीन हजारांच्या आसपास पडलं. मुलांनी ती शाळेच्या प्रयोगशाळेत जोडली आणि चाळीच्या गॅलरीत, टॉवरच्या अकराव्या मजल्यावर, शाळेच्या गच्चीवर बसवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की महापालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढावी लागली, आणि आमची मुलं त्याच आठवड्यांत रोज आकडे उतरवून घेत होती. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे हा सेन्सर फुगीर आकडे दाखवतो, हेही त्यांनी हवामान खात्याच्या आर्द्रतेच्या आकड्यांशी ताडून शोधलं. व्हिडिओ कॉलवर ते जर्मन मुलांना समजावून सांगताना त्यांची इंग्रजीची भीती निम्म्याने गेली. बोलायला हातात काहीतरी असलं की भाषा अडत नाही, हे मी त्या दिवसांत पाहिलं.

दिवाळीनंतर कागद सुरू झाले. सगळ्यात आधी जन्मदाखले मागवा. पासपोर्ट, व्हिसा, विमा हे सगळं त्याच कागदावर उभं राहतं. दोन मुलांच्या दाखल्यावर नावच नव्हतं. बाळ जन्मल्यावर नोंद झालेली, बारसं नंतर, आणि नाव घालायचं राहून गेलेलं. आपल्याकडे हे फार घरांत असतं. वॉर्ड ऑफिसात अर्ज, शाळेचा बोनाफाईड आणि आईवडिलांचे आधार देऊन नाव घालून घेता येतं, पण त्यासाठी वयाची मर्यादा असते. म्हणून मूल पंधरा वर्षांचं होण्याआधीच हे करून घ्या. एका मुलाचा जन्म साताऱ्याकडचा, त्याचं काम ग्रामपंचायतीत झालं. मग स्पेलिंग. ‘दत्तात्रय’ हे वडिलांचं नाव जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरात तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. ज्यांच्यात असा फरक होता त्यांनी आधी आधार जन्मदाखल्याशी जुळवून घेतलं आणि मगच पासपोर्टचा फॉर्म भरला.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या पासपोर्टची फी १,००० रुपये. आईवडील दोघांच्या सह्यांचं ‘अॅनेक्शर डी’ हे घोषणापत्र लागतं. आईवडिलांकडे चालू पासपोर्ट असले तर सहसा पोलीस पडताळणी लागत नाही. आमच्या बहुतेक पालकांकडे ते नव्हते, त्यामुळे पोलीस ठाण्यात जावं लागलं. पालक बिचकले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेच्या लेटरहेडवर सहलीची माहिती देणारं पत्र प्रत्येकाच्या हातात दिलं, त्याने बोलणं सोपं झालं. जानेवारी संपेपर्यंत सगळे पासपोर्ट हातात आले.

याच सुमाराला शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात सहलीचा प्रस्ताव आणि आम्हा शिक्षकांचे परदेश प्रवासाच्या ना-हरकतीचे अर्ज दिले. सोबत संस्थेचा ठराव, पालकांची संमतीपत्रं, तिकडच्या शाळेचं निमंत्रण, दिवसवार कार्यक्रम, कोणत्या मुलाची जबाबदारी कोणत्या शिक्षकाकडे याचा तक्ता. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेऊन ठेवा. पुढे पाठपुरावा करताना तो आवक क्रमांकच लागतो. स्टुटगार्टच्या महापौरांसाठी मुंबईच्या महापौरांचं शुभेच्छापत्र न्यावं असं मुलांच्या मनात होतं. पण मार्च २०२२ पासून मुंबई महापालिकेवर प्रशासक होते, महापौरच नव्हते. मग मुलांनी स्वतःच पत्र लिहिलं, मराठीत, आणि खाली जर्मन भाषांतर जोडलं.

पैशांचं सांगते, कारण शाळा तिथेच थांबतात. माणशी खर्च ९५ हजारांच्या आसपास आला. त्यातले साठेक हजार निव्वळ विमानाचे. दहा किंवा जास्त माणसं असली की विमान कंपन्या ग्रुप बुकिंग देतात. त्यात आधी थोडी रक्कम भरून जागा धरता येते आणि नावं नंतर दिली तरी चालतात. व्हिसा व्हायचा असताना ही सवलत मोलाची. राहणं आणि जेवण यजमान कुटुंबांकडे. पालकांनी ३५ हजार दिले, तेही ऑगस्टपासून महिन्याच्या हप्त्यांनी. उरलेलं माजी विद्यार्थ्यांनी उचललं.

तिकडच्या शाळेच्या पालकसंघाने आमच्या शाळेच्या खात्यावर पैसे पाठवायची तयारी दाखवली. ते घेता येत नाहीत. परदेशातून देणगी घ्यायची तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचं वेगळं खातं हवं. आमच्या संस्थेकडे ते नाही. आमच्या खजिनदारांनी हे वेळेवर सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. तोडगा साधा निघाला. तिकडचा प्रवास, तिकिटं, संग्रहालयांची प्रवेश फी हे सगळं जर्मन पालकसंघाने तिकडेच, स्वतःच्या नावाने भरलं. आपल्या खात्यात एक रुपयाही आला नाही.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी फाईल दिली. सगळ्यात महत्त्वाची माहिती ही: शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या नियमांनुसार शिक्षणासाठी जाणारे शाळकरी विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक यांना व्हिसाची फी माफ आहे. तेव्हा ती ८० युरो होती, जून २०२४ पासून ९० झाली आहे. अकरा मुलं आणि शिक्षक म्हणजे लाखाच्या घरातली रक्कम वाचते. ही माफी आपण मागावी लागते. शाळेच्या पत्रात, पहिल्याच परिच्छेदात, ‘हा शैक्षणिक भेटीचा कार्यक्रम आहे, सोबत शिक्षक आहेत’ असं स्पष्ट लिहा आणि निमंत्रणपत्रातही तेच वाक्य येऊ द्या. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं.

फाईलमध्ये काय होतं: ऑनलाइन भरून छापलेला बारकोडचा फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, निमंत्रण, यजमान कुटुंबाचा पत्ता, जन्मदाखला, आईवडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, पालकांच्या उत्पन्नाचे कागद. शेवटचा मुद्दा आम्हाला जड होता. कुणाचे वडील टॅक्सी चालवतात, कुणाची आई पोळीभाजी केंद्र चालवते, आयकर विवरणपत्र कुठून आणणार? अशा मुलांसाठी यजमान कुटुंबांनी तिकडच्या कार्यालयात जाऊन खर्चाचं हमीपत्र करून दिलं. जर्मनीत त्याला ‘फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात, फी २९ युरो. मूळ कागद कुरिअरने यावा लागतो आणि तिकडे भेटीची वेळही लवकर मिळत नाही. म्हणून हे काम डिसेंबरातच सांगून ठेवा. कधी भेटही झालेली नव्हती त्या मुलांची जबाबदारी त्या लोकांनी सही करून घेतली, हे माझ्याकडून विसरलं जाणार नाही.

एका मुलीच्या संमतीपत्रावर वडिलांची सही नव्हती. आईवडील बऱ्याच वर्षांपासून वेगळे, कोर्टाचा कागद काही नाही, वडील सावंतवाडीकडे. पासपोर्ट ‘अॅनेक्शर सी’वर, एका पालकाच्या घोषणेवर निघाला होता. व्हिसासाठी मात्र दुसऱ्या पालकाची संमती किंवा ताब्याचा कोर्टाचा आदेश, यांपैकी एक मागितलं गेलं. आई म्हणाली, “बाई, राहू द्या. तिचं नाव काढा.” मी तिला शुक्रवारपर्यंत थांबायला सांगितलं. मुलीचा मामा तुतारी एक्स्प्रेसने दादरहून निघाला. वडिलांनी खळखळ केली नाही. तालुक्याला नोटरीसमोर सही केली आणि लेकीसाठी पाचशे रुपये दिले. मामा सोमवारी सकाळी स्टेशनवरून थेट शाळेत आला आणि ते पाकीट माझ्या टेबलावर ठेवून खुर्चीत बसला, तेव्हा आम्हा दोघांनाही थोडा वेळ काही बोलता आलं नाही. तुमच्या वर्गातही असं एखादं घर असणार. पहिल्याच सभेनंतर त्या आईशी एकटीशी बोला. शेवटच्या आठवड्यात चारचौघांत ते कळू देऊ नका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. बातमी आल्यावर पालकांचे फोन सुरू झाले: मुलांना तिकडे नोकरी लागणार का, मोठ्या भावाला जाता येईल का. पालकसभेत स्पष्ट सांगावं लागलं की आपला व्हिसा अल्प मुदतीच्या भेटीचा आहे, त्यावर काम करता येत नाही, आणि त्या कराराची वाट वेगळी आहे. तरीही मला त्या प्रश्नांचं वाईट वाटलं नाही. दोन राज्यांमधलं नातं आपल्या घरापर्यंत पोचावं असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटायलाच हवं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात व्हिसा मिळाले. तोवर लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या होत्या आणि मुंबईचं मतदान २० मे रोजी होतं. शिक्षकांना निवडणुकीच्या कामाचे आदेश येणार हे उघडच होतं. मुलांबरोबर जाणाऱ्या आम्हा दोघा शिक्षकांनाही आले. मुख्याध्यापिकाबाईंमार्फत व्हिसा आणि तिकिटांच्या प्रती जोडून सूट मागितली आणि उत्तर येईपर्यंत पहिल्या प्रशिक्षणाला हजर राहिलो. उत्तर एप्रिलच्या शेवटी आलं. ते आठवडे कठीण गेले, पण एक आधार होता: तिसऱ्या शिक्षिकेचाही व्हिसा आम्ही आधीच काढून ठेवला होता. फी माफच असल्याने त्याला फारसा खर्च येत नाही. राखीव माणूस ठेवाच.

बॅगांबद्दल दोन गोष्टी. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे, बर्फी, तुपातले लाडू घरीच ठेवा. चकली, भडंग, शेंगदाण्याची चिक्की चालते. आणि जेवणाच्या फॉर्ममध्ये ‘शाकाहारी’ एवढं लिहून भागत नाही. अंडं चालतं का, हा वेगळा रकाना करा. तिकडचा लाडका चीज घातलेला श्पेट्झले हा पदार्थ शाकाहारी म्हणून वाढतात आणि त्यात अंडं असतं.

३ मे रोजी निघालो. मुंबईच्या शाळांना सुट्टी लागलेली आणि तिकडे शाळा चालू, असा हा काळ. २१ मेपासून त्यांची सुट्टी लागणार होती, म्हणून मेचा पहिला पंधरवडा धरला होता. फ्रँकफर्टच्या विमानतळावरूनच रेल्वे सुटते, सव्वा-दीड तासात स्टुटगार्ट. तिथल्या मुख्य स्थानकाचं बांधकाम २०१० पासून चालू आहे. फलाटावरून बाहेर पडायला सामान ओढत बरंच चालावं लागतं. मुलांना हे आधी सांगून ठेवलं होतं. यजमान कुटुंबं बाहेर नावांच्या पाट्या घेऊन उभी होती.

पहिल्या दोन रात्री फोन येत होते. संध्याकाळचं जेवण म्हणजे पाव, चीज, काकडी, सगळं थंड. नऊ वाजेपर्यंत उजेड, भूक कधी लागली तेच कळत नाही. तिसऱ्या दिवशी दोघींनी यजमान आजींना मुगाची खिचडी करून घातली आणि मग फोन थांबले. एका मुलाच्या यजमानांच्या दारावर ‘केअरवोखे’ची पाटी लटकत होती. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना आणि फुटपाथ झाडायचा. आमच्या मुलाने झाडू हातात घेतला, कारण चाळीतल्या जिन्याची पाळी त्याला लहानपणापासून माहीत होती. त्या इमारतीतल्या लोकांशी त्याची ओळख तिथून झाली.

महापालिकेच्या इमारतीत न थांबता फिरणारी, दार नसलेली जुनी लिफ्ट आहे, पाटेरनोस्टर म्हणतात. मुलांना ती फार आवडली. पण मला जास्त मोलाचा वाटला तो हवामानाच्या विभागात घालवलेला वेळ. स्टुटगार्टच्या महापालिकेत शहराच्या हवामानाचा अभ्यास १९३८ पासून चालतो. रात्री डोंगरउतारावरची गार हवा ज्या वाटांनी शहरात उतरते, त्या वाटा त्यांनी नकाशावर आखल्या आहेत आणि तिथे बांधकाम अडवलं जातं. मुलांना तो नकाशा दाखवला आणि मग संध्याकाळी श्टेफले नावाच्या पायऱ्यांच्या वाटेने वर नेलं. शहरात अशा चारशेहून जास्त वाटा आहेत. वर उभं राहिल्यावर गार हवा पायांना लागत होती. एका मुलीने विचारलं, “बाई, आपल्याकडे समुद्राचा वारा कुठून आत येतो त्याचा असा नकाशा आहे का?” मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला आहे. परतल्यावर आम्ही तो मुलांबरोबर वाचायला घेतला आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात शोधतो आहोत.

नेकारटोरला आमचं यंत्र आणि त्यांचं यंत्र शेजारी शेजारी लावलं. दोन्ही आकडे जवळजवळ जुळले आणि आमच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या प्रयोगशाळेत जोडलेलं ते यंत्र होतं. तिथले आकडे आमच्या चाळीतल्या जानेवारीच्या आकड्यांहून कितीतरी खाली होते. जर्मन मुलं ते बघून गप्प झाली. आमच्या मुलांनी त्यांना सांगितलं की नेकारटोरचे आकडे दहा वर्षांपूर्वी असे नव्हते, ते खाली आणावे लागले. हे त्यांनी माझ्याकडून नाही, त्या चौकाच्या जुन्या नोंदींवरून शिकलं होतं.

जर्मन मुलं २६ ऑक्टोबरला मुंबईत उतरली. त्यांची शरद ऋतूची सुट्टी आणि आपली दिवाळी एकाच आठवड्यात आली होती. इथे एक नियम फार लोकांना माहीत नसतो: घरी परदेशी पाहुणा राहिला की चोवीस तासांच्या आत एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, २०२४ मध्ये तो ‘फॉर्म सी’ होता. तो यजमानाने भरायचा असतो आणि त्यासाठी घराची आधी नोंदणी करावी लागते. आम्ही सप्टेंबरमध्येच एका शनिवारी सगळ्या पालकांना शाळेच्या संगणक कक्षात बोलावून नोंदणी करून घेतली. वीजबिल किंवा भाडेकरार, मालकाच्या ओळखपत्राचा क्रमांक आणि फोटो एवढं लागलं. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विश्वासात घ्या. पाहुण्यांचा पासपोर्ट आणि व्हिसा मोबाइलवर आधीच मागवून ठेवा, म्हणजे उतरल्या रात्रीच फॉर्म जातो. पाहुणे गेल्यावर परतीची नोंदही त्याच खात्यातून करायची असते.

या वर्षीच्या नववीसाठी चौदा नावं आली आहेत. जन्मदाखल्यांची पालकसभा आम्ही जूनमध्येच घेऊन टाकली, कारण त्यातल्या तिघांच्या दाखल्यावर अजून नाव नव्हतं. स्टुटगार्टच्या बाईंनी पुढचा विषय पाणी सुचवला आहे. मुलांनी शाळेच्या टाकीपासून सुरुवात केली आहे.